आईला कधी सोडणार?

शनिवारी संध्याकाळी सहाच्या राऊंडला डॉक्टर आले, आईला पाय सरळ वर उचलायला लावला, मग कॉटच्या कडेला बसवून गुडघा किती वाकतोय ते बघितलं, ड्रेसिंगवरनं हात फिरवला आणि म्हणाले, "मावशी, झकास. उद्या सकाळी घरी." आईचा चेहरा एकदम खुलला आणि माझ्या पोटात मात्र गोळा आला. गुरुवारी सकाळी ऑपरेशन, आज शनिवार, आणि उद्या घरी? अख्खा गुडघा उघडून हाडाची टोकं कापून तिथं धातूचा सांधा बसवलाय, बाई एकोणसत्तर वर्षांची आहे, आणि तिसऱ्या दिवशी घरी जा म्हणतात? मी डॉक्टरांच्या मागं मागं कॉरिडॉरमधे गेले आणि म्हटलं, डॉक्टर, दोन दिवस ठेवून घ्या ना. ते थांबले, म्हणाले, "ताई, ठेवायची खरं तर गरज नाही. पण तुमची तयारी नसेल तर सोमवारी जावा." मला हायसं वाटलं. आईसाठी आपण दोन दिवस मिळवले असंच मला त्या वेळी वाटलं होतं.

माझ्या डोक्यात मोठी आत्या होती. २००३ साली ती गोठ्यात घसरून पडली, खुब्यात मोडलं, आणि तिचा खुब्याचा गोळा बदलला. तेव्हा टाके काढूनच घरी न्यायचं अशी रीतच होती, चौदा दिवस ती कॉटवर, दोन्ही पायांच्या मधे उशी, मांडी घालायची नाही, पाय आत वळवायचा नाही, कूस बदलायची तर दोन माणसं लागायची. त्या चौदा दिवसांत तिच्या माकडहाडापाशी जखम झाली, आणि खुबा बरा झाल्यावरसुद्धा कितीतरी दिवस ती जखम भरत नव्हती, वहिनी रोज मलमपट्टी करायची ते मी डोळ्यांनी बघितलंय. पण मन कसं असतं बघा, ती जखम मी विसरले आणि चौदा दिवस तेवढे लक्षात ठेवले. मोठं ऑपरेशन म्हणजे जास्त दिवस दवाखान्यात, हे जे बसलं डोक्यात ते बसलंच.

आईचे गुडघे काही एका वर्षात गेलेले नाहीत. तासगाव भागात आमची द्राक्षाची बाग, खालनं वाकून, उकिडवं बसून, डोक्यावर पाट्या घेऊन तिची चाळीस वर्षं गेली. आधी जिना सुटला, मग पंगतीत बसणं सुटलं, मग देवघरापुढं पाटावर बसणं सुटलं, आणि मग ती रात्री कूस बदलताना कण्हायला लागली तेव्हा आम्ही जागे झालो. एक्स-रेत हाडाला हाड टेकलेलं दिसत होतं, मधली गादी संपलेली. आण्णा नेहमी सांगतात की वाजपेयी पंतप्रधान असताना त्यांचे गुडघे बदलले, २००० साली एक आणि २००१ ला दुसरा, ब्रीच कँडीत, तेव्हा गावात पहिल्यांदा कळलं की गुडघासुद्धा नवीन मिळतो. तेव्हा ती श्रीमंतांची गोष्ट होती. २०१७ च्या ऑगस्टमधे सरकारनं इम्प्लांटच्या किमतीला लगाम घातला, कोबाल्ट क्रोमियमचा नेहमीचा सांधा ५४,७२० रुपये अधिक जीएसटी, तेव्हापासून आमच्यासारखी माणसं विचार तरी करायला लागली. आणि दवाखाना कुठला हा प्रश्न आमच्याकडं कधी नसतोच, मिरज. वॉनलेस डॉक्टरांनी १८९४ साली तिथं दवाखाना काढला तेव्हापासून दुखणं मोठं असलं की मिरजेला जायचं, हे आमच्या भागातल्या आणि पलीकडं कर्नाटकातल्याही माणसाला सांगावं लागत नाही. आम्ही कुठल्या दवाखान्यात गेलो त्याचं नाव लिहीत नाही, डॉक्टर देवमाणूस होते आणि जे खटकलं ते इतरत्रही असंच घडत असणार.

शुक्रवारी सकाळी फिजिओ आला तेव्हा मी आईपेक्षा जास्त घाबरलेले. चोवीस तास झाले होते फक्त. त्यानं आधी तिला नुसतं बसवलं, पाय खाली सोडून, दोन मिनिटं तसंच. चक्कर येतीय का विचारलं. मग वॉकर पुढं ठेवला, आणि म्हणाला, आजी, माझ्याकडं बघू नका, समोर भिंतीवर कॅलेंडर आहे त्याच्याकडं बघा आणि उठा. आईनं वॉकर इतका घट्ट धरला की बोटांची पेरं पांढरी पडली, खालचा ओठ दाताखाली धरला, आणि ती उठली. उभी राहिली. वर्षानुवर्षं धनुष्यासारखा बाहेर वाकलेला तिचा उजवा पाय सरळ होता. मी पहिल्यांदा आईला एका बाजूनं उंच झालेली बघितली, डाव्या पायापेक्षा उजवीकडं ती दोन बोटं वर गेल्यासारखी वाटत होती. चार पावलं गेली, परत आली.

शनिवारी त्यानं तिला सिस्टरच्या काउंटरपर्यंत दोनदा नेऊन आणलं आणि मग कोपऱ्यातल्या लाकडी पायऱ्यांपाशी नेलं. तीनच पायऱ्या, शोभेच्या असाव्यात तशा, कुठंच जात नाहीत. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. आई पुटपुटत होती, चांगला, दुखरा, काठी, चांगला, दुखरा, काठी. तिसऱ्या पायरीवर उभी राहून तिनं माझ्याकडं असं बघितलं की जणू गडावर पोचली. मला तेव्हा कळायला पाहिजे होतं, की हीच तिची परीक्षा होती आणि ती पास झाली होती. डॉक्टर संध्याकाळी जे बोलले ते ह्या तीन पायऱ्यांवरनं बोलले. मी मात्र बोटांवर दिवस मोजत होते.

रविवारी फिजिओ नसतो. हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं. सिस्टर दोनच, वॉर्ड भरलेला, "आजी पडल्या तर जबाबदारी कुणाची" म्हणून एकटीनं चालवायचं नाही. म्हणजे ज्या दिवसासाठी मी भांडले त्या दिवशी आई बाथरूमला जाऊन येण्यापलीकडं कॉटवरनं उठलीच नाही. पाय सुजला. दुखण्याच्या गोळ्यांनी पोट साफ नाही ते तिसऱ्या दिवसापासूनच, जेवण नको म्हणायला लागली. दवाखान्याची खिचडी तिनं दोन घास खाऊन बाजूला सारली, आणि जी बाई घरी असती तर भाकरी आणि ताकातली पालेभाजी मागून खाल्ली असती ती तोंड भिंतीकडं करून पडून राहिली.

आणि रविवारची रात्र. अडीच वाजले असतील. मी खाली चटईवर. कॉट करकरली म्हणून उठले तर आई पाय कॉटखाली सोडायची धडपड करतीय, वॉकर नाही, चप्पल नाही. "गोठ्यातला दिवा चालू राहिलाय बघ. म्हशीला झोप लागायची न्हाई." मी म्हटलं, आई, आपण मिरजेत आहे. तिनं माझं मनगट धरलं आणि मला माझ्या मावशीच्या नावानं हाक मारली. मावशी जाऊन सात वर्षं झाली. डोक्यावर ट्यूबलाईट चालू होती, त्या वॉर्डात ती रात्रभर चालूच असते, तिलाच ती गोठ्यातला दिवा समजत होती बहुतेक.

सिस्टर आली, तिला हे नवीन नव्हतं. म्हातारी माणसं दवाखान्यात रात्रीची अशी भरकटतात म्हणाली, झोपमोड, उजेड, दुखण्याच्या गोळ्या, अनोळखी जागा, पाणी कमी पडणं, सगळं मिळून होतं. तिनं आधी आईचं बीपी, ऑक्सिजन, शुगर बघितली, मग मला म्हणाली, त्यांचा चष्मा कुठाय, लावा त्यांना, आणि बोलत राहा, आज वार कुठला, कुठं आहोत, कशासाठी आलोय, हळूहळू सांगत राहा. डोक्यावरची ट्यूब तिनं बंद करून टाकली. पहाटे पाचला आई माझ्याकडं बघून माझ्या नावानं बोलली, "तू झोपली न्हाईस व्हय गं?" मी बाथरूममधे जाऊन रडले. तिला ठेवून घ्या म्हणणारी मीच होते.

त्याच रात्री, झोप उडालेलीच होती म्हणून, भाच्याला मेसेज केला. तो मेडिकलला आहे, परीक्षेमुळं जागाच होता. त्यानं मला समजावलं ते असं. इंग्लंडमधे जॉन चार्नलींनी १९६२ मधे आजच्या पद्धतीचा खुब्याचा सांधा बसवायला सुरुवात केली तेव्हा माणसं आठवडेच्या आठवडे दवाखान्यात असायची. पुढं नव्वदच्या दशकात डेन्मार्कमधे हेन्रिक केहलेट नावाच्या सर्जननी साधा प्रश्न लावून धरला, की हा पेशंट आज अजून दवाखान्यात का आहे? नुसतं रीत आहे म्हणून, की खरंच काही कारण आहे म्हणून? ऑपरेशनच्या आधी माणसाला नीट माहिती द्या, कमरेखाली भूल द्या, दुखणं वेगवेगळ्या औषधांनी मिळून दाबा म्हणजे गुंगीची औषधं कमी लागतील, नळ्या लवकर काढा, त्याच दिवशी उभं करा, जेवू घाला. तिकडं २००० साली खुबा-गुडघ्याला साधारण दहा-अकरा दिवस ठेवायचे ते २००९ पर्यंत चारावर आलं. आणि २०११ मधे त्यांनी लिहून ठेवलं की इतकं करूनही पेशंट एक-दोन दिवसांनी दवाखान्यात का राहतात, तर दुखणं, उठल्यावर चक्कर आणि अशक्तपणा ही शरीराची कारणं, आणि साधारण पाचातल्या एकाला उशीर कशामुळं, तर रक्त चढवायची वाट बघणं, फिजिओची वाट बघणं, एक्स-रेची वाट बघणं.

हे वाचलं आणि मी आईकडं बघितलं. आईला ना चक्कर होती ना सहन न होणारं दुखणं. ती फिजिओची वाट बघत होती. रविवार संपायची वाट बघत होती.

आता हे वाचून कुणी म्हणेल की लवकर सोडणं म्हणजेच चांगलं, तर तसंही नाही, आणि हे मला शेजारच्या कॉटनं शिकवलं. अथणीकडच्या अक्का होत्या, आईच्याच दिवशी त्यांचाही गुडघा, आईनंतर लगेच. कन्नड आणि मराठी मिसळून बोलायच्या, आईला चहातली बिस्किटं द्यायच्या. त्यांच्या मुलाला शनिवारीच जायचं होतं, शेतात कामं खोळंबलेली, बिलाचा आकडा रोज चढतोय, सोडा की साहेब म्हणून तो मागं लागला होता. आणि डॉक्टर सोडत नव्हते. कारण अक्का उभ्या राहिल्या की डोळ्यापुढं अंधार, घामाघूम, बीपी खाली, दोनदा फिजिओनं धरून परत बसवलं. रक्त कमी झालं होतं. रविवारी त्यांना एक बाटली रक्त चढवलं, सोमवारी त्या पहिल्यांदा दारापर्यंत गेल्या, आणि मंगळवारी घरी. म्हणजे बघा, एकाच दिवशी, एकाच टेबलावर, एकच ऑपरेशन. ज्यांना जायचं होतं त्यांचं राहणं बरोबर होतं आणि जिला मी ठेवून घेतलं तिचं जाणं बरोबर होतं. तारखेत काय असतंय?

सोमवारी साडेदहाच्या राऊंडला डॉक्टर म्हणाले, डिस्चार्ज. अकराला वॉर्डबॉय मामा येऊन आईला खुर्चीत बसवून गेला कारण कॉट पुढच्या पेशंटला लावायची होती. आणि मग सुरू झालं. उरलेली औषधं खाली मेडिकलमधे परत द्या, त्याची पावती आणा, फाइल बिलिंगला गेली, फाइल परत आली कारण कुणाची तरी सही राहिली, डिस्चार्ज समरी टाइप व्हायची आहे, टाइप करणारे जेवायला गेलेत. मेडिक्लेमवाल्यांना कागद गेले तेव्हा दोन वाजले होते. सव्वाचारला त्यांचा प्रश्न आला, एक रिपोर्ट नीट दिसत नाही. ॲप्रूव्हल आलं सहा चाळीसला. आई अकरापासून त्या प्लास्टिकच्या खुर्चीत, पाय खाली लोंबकळत. मी दुसरी खुर्ची ओढून, त्यावर कपड्यांची बॅग आणि बॅगेवर शाल ठेवून तिचा पाय वर घेतला, तोवर घोट्यापाशी बोट दाबलं तर खड्डा पडत होता.

विमा नियामकांनी मे २०२४ मधे स्पष्ट करून ठेवलंय की कॅशलेसवाल्या पेशंटच्या डिस्चार्जची विनंती आली की कंपनीनं तीन तासांत अंतिम मंजुरी द्यायची, आणि त्यांच्यामुळं उशीर झाला आणि दवाखान्यानं जादा पैसे लावले तर ते कंपनीनं सोसायचे. चांगला नियम आहे. आमच्या बाबतीत तोही पाळला गेला नाही. पण मला जास्त लागलं ते हे, की त्याचं घड्याळ सुरू होतं दवाखान्यानं कागद पाठवल्यावर. साडेदहा ते दोन हे साडेतीन तास कुणाच्याच हिशेबात नाहीत. आदल्या दिवशी संध्याकाळी समरी तयार करून ठेवायला काय हरकत होती? उद्या सोडायचं हे डॉक्टरांना माहीत होतंच की. हे मी तिथं काउंटरवर विचारलं, आणि इथंही विचारते, कारण एकोणसत्तर वर्षांच्या, चार दिवसांपूर्वी गुडघा बदललेल्या बाईला आठ तास खुर्चीत बसवणं हा साधा उशीर नाही, तिच्या पायाला ते सोसावं लागतं.

शेवटी कार्ड हातात मिळालं ते घाईघाईत आणि सगळं इंग्रजीत. वहिनीला आणि आण्णांना वाचता येणार नाही, आणि रात्री दोनला काही झालं तर तेच दोघं असणार. तिथं एक ज्युनिअर डॉक्टर मुलगी होती, चोवीस-पंचवीसची, दिवसभर उभी असणार बिचारी, तिला म्हटलं, बाळा, एवढं मराठीत लिहून दे. तिनं कुरकुर न करता कार्डाच्या मागं बॉलपेननं लिहिलं. पोटरी एकदम सुजली, दुखायला लागली किंवा दम लागला, छातीत दुखलं तर वाट बघायची नाही, लगेच आणायचं. ताप, जखमेतनं पाणी किंवा पू, गुडघ्याभोवती लाली वाढत गेली तर फोन. रक्त पातळ करायची गोळी एकही दिवस चुकवायची नाही. गुडघ्याखाली उशी ठेवायची नाही, टाचेखाली ठेवा. टाके बाराव्या ते चौदाव्या दिवशी. हे गुडघ्याखाली उशीचं तर मला माहीतच नव्हतं, बरं वाटावं म्हणून मी तीन दिवस नेमकी तिथंच उशी सारत होते, आणि गुडघा त्यानं वाकलेलाच राहतो, सरळ व्हायचं विसरतो. ते कार्ड आजही फ्रिजवर चिकटवलेलं आहे, पुढची बाजू आत, मागची बाहेर.

सव्वासातला निघालो. दादानं पुढची सीट पूर्ण मागं केलेली, तरी मिरज ते गाव प्रत्येक स्पीडब्रेकरला आईचा हात दाराच्या वरच्या हँडलला जायचा. ती ओरडली नाही एकदाही. सांगली ओलांडली तेव्हा म्हणाली, गणपतीला लांबनंच हात जोडते.

घरी पोचलो तर वहिनीनं खाट काढून उंच कॉट लावलेली, खालच्या खोलीत, सतरंज्या गोळा करून ठेवलेल्या, वाटेत काही अडकायला नको म्हणून. कमोडची खुर्ची आणलेली, कारण आमचा संडास अजून जुन्याच पद्धतीचा, आणि आता आईला उकिडवं बसायचं नाही. पण भिंतीतला धरायचा दांडा, जो दादानं शनिवारीच बसवून घेतो म्हणाला होता, तो गवंडी आला सोमवारी दुपारी. मी बोट लावलं तर सिमेंट ओलं, बोटाचा ठसा उमटला. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी तो दांडा धरता येणार नव्हता. हे सगळं ऑपरेशनच्या आधी व्हायला पाहिजे होतं. आम्ही ऑपरेशनची तारीख ठरवायला दोन महिने घेतले, पैशाची जुळवाजुळव केली, डॉक्टर तिघांना दाखवले, आणि घराकडं बघायचं राहून गेलं. डेन्मार्कात दोन दिवसांत घरी जातात ते ठीक, पण तिथं कुणाला पाटावर बसून जेवायचं नसतं आणि परसाकडं अंगण ओलांडून जायचं नसतं. आपल्याकडं लवकर सोडायचं तर डॉक्टरांनी गुडघ्याएवढंच संडासाबद्दल विचारायला पाहिजे, आणि त्यांनी नाही विचारलं तर आपण सांगायला पाहिजे, उंबरा किती उंच, पायऱ्या किती, रात्री जवळ कोण झोपणार, वॉकर दारातनं जातो का. वॉकर आमच्या न्हाणीच्या दारातनं जात नव्हता, बोटभर कमी पडत होतं. शेवटी आण्णांनी दाराची फळीच काढून पडदा लावला.

त्या रात्री आई सलग सहा तास झोपली. सकाळी वॉकर घेऊन ओट्यापर्यंत गेली, उंबऱ्यापाशी थांबली, पुटपुटली, आणि दुखरा पाय आधी खाली टाकून अंगणात उतरली. म्हशीनं मान वळवून बघितलं. आई तिला म्हणाली, आले गं.

डावा गुडघा दिवाळीनंतर करायचाय. दांडा आता दोन्ही बाजूंनी आहे, न्हाणीचं दार रुंद करून घेतलंय, टाइप करायच्या समरीबद्दल मी आधीच बोलून ठेवलंय आणि रविवारी फिजिओ असतो का हेही विचारलंय. नसतो. म्हणून ऑपरेशनचा वार सोमवार मागून घेतलाय.